आधी ‘कुठली?’, मग ‘केवढ्याला?’

नाशिकला गंगेवर भाजी घ्यायला आलेली बाई मेथीची जुडी उचलते, देठ नखाने मोडून बघते, पानं उलटी करते आणि विचारते, “मावशी, कुठली?” भावाचं नंतर. “मखमलाबादची, ताई. पहाटेची काढलेली.” जुडी पिशवीत जायच्या बेतात असते तेव्हा कुठे “केवढ्याला?” येतं, आणि खरी लढाई तिथून सुरू होते.

गंगा म्हणजे गोदावरी. नाशिककर नदीला गोदावरी म्हणतो ते शाळेच्या निबंधात आणि महापालिकेला लिहिलेल्या अर्जात; एरवी ‘गंगेवर जाऊन येते’ एवढं पुरतं. गिऱ्हाइकाच्या तोंडून पहिला शब्द कोणता पडतो ते ऐकायची मला खोड आहे. दादरच्या पुलाखाली तो ‘केवढ्याला?’ असतो, कारण पुढची लोकल पकडायची असते. पुण्यात पूर्वी तो ‘आहे का?’ असायचा आणि उत्तर बहुधा ‘नाही’. ‘कुठला?’ हा प्रश्न तसा महाराष्ट्रात सगळीकडे आहे, पण एखाद्या मालापुरता. हापूस म्हटला की देवगडचा का रत्नागिरीचा. जळगावकडे भरताचं वांगं म्हटलं की बामणोदचं का. नागपूरला संत्र्याच्या ढिगापुढे काटोल आणि वरूडची नावं निघतात. नाशकात मात्र हा प्रश्न मेथीला विचारतात, तांदळाला विचारतात, समईला विचारतात आणि पैठणीलाही सोडत नाहीत.

याचं निम्मं उत्तर नकाशात आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात, सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, येवल्याला पाचशे-सहाशेवर समाधान मानावं लागतं. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा भात, नागली आणि वरईचा मुलूख. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव हा बाजरीचा. मध्ये निफाड आणि दिंडोरीची काळी, पाण्याखालची जमीन, तिथे द्राक्ष, टोमॅटो, कांदा, ऊस. आणि या दोन पावसांच्या सांध्यावर नाशिक शहर बसलेलं. एकाच ओट्यावर घोटीच्या गिरणीचा इंद्रायणी तांदूळ आणि सिन्नरकडची बाजरी शेजारी शेजारी दिसते. वरईची भगर करणाऱ्या गिरण्या याच भागात असल्याने एकादशीची खरेदीसुद्धा इथे घरचीच. असा बाजार हाताशी असला की ‘कुठली?’ या एका शब्दात पाणी, माती, तोडणीची वेळ आणि टिकाऊपणा असं सगळं विचारून होतं.

उरलेलं निम्मं उत्तर माणसांत आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती १४ लाख ८६ हजार होती. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांनी, ओझरच्या विमान कारखान्याने, नाशिकरोडच्या छापखान्यांनी जी माणसं गोळा केली, त्यांतली पुष्कळशी जिल्ह्यातल्याच गावांतून आली. प्रत्येकाचा एक मामा निफाडला, एक आत्या चांदवडला. म्हणून ‘कुठली?’ला ‘मोहाडीची’ असं उत्तर आलं की लगेच ‘आमच्या जाऊबाईंचं माहेर तिथलंच’ हे निघतं, मग आडनावं निघतात, आणि दोन रुपये कमी होतात किंवा दोन रुपये कमी मागायची लाज वाटते. दोन्ही होताना मी पाहिलं आहे.

जुन्या नाशकातल्या गल्ल्यांची नावंही हाच प्रश्न ध्यानात ठेवून दिल्यासारखी आहेत. मोगलांच्या काळी गावाचं नाव गुलशनाबाद होतं. फुलांचा तो रुबाब आता फुलबाजारात आणि दसऱ्याच्या झेंडूत उरला आहे. बाकी व्यवहार गल्लीच्या पाटीवरच लिहिलेला: तांबट लेन, सराफ बाजार, भांडी बाजार, कापड बाजार, दूध बाजार, बोहोरपट्टी, पगडबंद लेन, हुंडीवाला लेन. दहीपुलावर पूल दिसत नाही आणि दहीही आता पिशवीतून येतं, पण पत्ता सांगताना सगळे दहीपूलच सांगतात. हुंडीवाला लेनमध्ये हुंड्या वटत नाहीत, पगडबंद लेनमध्ये कोणी पगडी बांधून देत नाही. तरी या नावांमुळे गावाची एक सवय पक्की झाली: एका वस्तूसाठी एका गल्लीत जायचं, चार दुकानं पालथी घालायची आणि पाचव्यात घ्यायचं. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत एके काळी घोड्यांची ट्राम धावायची. यात्रेकरू तिने गावात येत आणि परतताना तांब्या-पितळेची भांडी घेऊन जात. मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरने नाशिकच्या तांब्या-पितळेच्या कामाची मुद्दाम दखल घेतली आहे.

पण गावाचा स्वभाव ओळखायला गल्ली नको, बुधवार हवा.

बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. सकाळी घाटाच्या दगडी फरशीवर ताडपत्र्या पडायला लागतात. एका बाजूला धान्य, कडधान्य, लसूण, सुक्या मिरच्यांचे ढीग. पुढे बुरुडांच्या टोपल्या आणि सुपं. विळे, खुरपी, कोयते घेऊन बसलेले लोहार. बैलांचे कासरे आणि दोरखंड. सुकट-बोंबलाची रांग, जिच्या वासावरून ती डोळे मिटून सापडते. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडच्या बाया रानभाज्या घेऊन येतात. त्यांच्याकडे तराजू नसतो, ‘वाटा’ असतो. पानावर किंवा फडक्यावर मांडलेली छोटी ढिगुली, तिची किंमत ठरलेली. शहरातली बाई इथे जरा अडखळते, कारण वाट्यात वजन विचारता येत नाही आणि कुरडू, कवळी, शेवळं यांचा बाजारभाव कुठल्या पेपरात छापून येत नाही. ती मग दुसरं विचारते: “कशी करायची?” आणि विकणारी बसल्या जागेवरून पाककृती सांगते. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खवखवतो, त्यात काकडं किंवा चिंच काहीतरी आंबट हवंच, ही माहिती फुकट. या बाजारात वस्तूबरोबर तिची रीतही विकत मिळते, हे माझं लाडकं निरीक्षण आहे. कोणी त्याला हसलं तरी चालेल.

वाटा हा मेट्रिक पद्धतीला न जुमानलेला शेवटचा मावळा. १९६२ पासून व्यापारात किलो-ग्रॅम सक्तीचे झाले. शेर, पायली, मापटं, चिपटं ही मापं हळूहळू माळ्यावर गेली. आता ती लग्नात उंबऱ्यावर ओलांडायच्या मापापुरती खाली येतात. तरी पालेभाजी जुडीने, केळी डझनाने, लिंबं नगाने आणि रानमेवा वाट्याने, असा हिशोब चालूच राहिला. ‘पावशेर’ हा शब्द तर अडीचशे ग्रॅमच्या अंगात घुसून जिवंत आहे. दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही ठाऊक असतं की शेर आता नाही. पावशेर मात्र आहे.

आता कांदा. नाशिकबद्दल लिहायचं आणि कांद्याला दोन ओळी द्यायच्या, हे जमणार नाही.

शहरापासून साठएक किलोमीटरवर लासलगाव. तिथली बाजार समिती १९४७ सालची, आणि देशाचा कांद्याचा भाव तिथल्या लिलावावर डोळा ठेवून असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीमागून ट्रॉलीकडे सरकतो, मूठभर कांदे हातात घेऊन दाबून बघतात, आणि क्विंटलचा आकडा चढत जाऊन काही क्षणांत थांबतो. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल लागायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. २०१६ मध्ये लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारनेही ‘कुठला?’ला शिक्कामोर्तब उत्तर दिलं.

नाशिकच्या घरात कांदा हा एक शब्द नाही. खरिपाचा पोळ, मागाहून येणारा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ. पोळ आणि रांगडा ‘लाल’ म्हणून विकले जातात. पाणीदार, ताजे, पण टिकायचे नाहीत. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, वाळतो, त्याची मान सुकून बारीक होते, आणि शेतकऱ्याच्या हवेशीर चाळीत तो दिवाळीच्या आसपासपर्यंत तग धरतो. हीच चाळ छोट्या आकारात शहरातल्या घरोघरी असते: पलंगाखाली. मे महिन्यात पन्नास किलोची गोणी येते, कांदे पसरले जातात आणि आठवड्याला एकदा घरातलं धाकटं माणूस पलंगाखाली शिरून नासके शोधतं. गोणी घेताना बघायचं काय, हे इथल्या शाळकरी पोरालाही येतं. मान जाड नको. डेंगळे नकोत, म्हणजे ज्यांना फुलाचा दांडा आला होता ते, कारण ते आतून पोकळ होऊन आधी सडतात. जोड कांदा शक्यतो नको. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, स्वस्त मिळतो आणि मसाल्याच्या भाजीत अख्खा घालायला बरा, पण सोलणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करावा.

या खरेदीत एक पेच आहे आणि तो मला दुसऱ्या कुठल्या शहरात इतका जवळून दिसला नाही. दिल्ली-मुंबईत कांदा स्वस्त झाला ही चांगली बातमी असते. नाशकात ती बातमी कोणाच्या ताटात पडली आहे यावर ठरते. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले. त्याने ते मनिऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवून दिले. त्याच आठवड्यांत शहरातली गिऱ्हाइकं गोणी घेत होती, आणि गोणी घेता घेता भावाने लुटला गेलेला स्वतःचा मेहुणा त्यांना आठवत होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं तेव्हा जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातच बंद झाली आणि ती उठली २०२४ च्या मे महिन्यात. या काळात शहरातल्या जेवणाच्या टेबलावर सून कांदा स्वस्त म्हणून खूश आणि सासरे गप्प, असं चित्र असायचं. १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने उसाच्या आणि कांद्याच्या भावासाठी याच जिल्ह्यात रस्ते रोखले होते. त्या पिढीतली माणसं अजून पिशवी घेऊन बाजारात येतात. ती कांद्याला भाव करत नाहीत. कोथिंबिरीला मात्र अर्धा तास करतात.

गोणीचा विषय निघालाच आहे तर साठवणीचं उरकून घेऊ. एप्रिल-मे हे नाशिकच्या जुन्या घरांत खरेदीचं वर्षअखेर. लोकवन की सिहोर यावर गव्हाचा वाद, मग पोती, मग गच्चीवर ऊन, मग कोठीत भरताना कडुनिंबाचा पाला. तूर डाळीला एरंडेलाचा हात. मिरच्या दोन-तीन जातींच्या: तिखटाला एक, रंगाला बेडगी, देठं खुडायला शेजारणी, आणि कांडपाच्या गिरणीत नाकाला पदर लावून लावलेली रांग. हे सगळं करायला आता वेळ नाही आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत कोठी ठेवायला कोपरा नाही. पण साठवण सुटली तरी तिचं गणित सुटलेलं नाही. ज्या बाईने आयुष्यात पोतं आणलं नाही, तीही मे महिन्यात सहा महिन्यांचं तिखट एकदम करून घेते आणि डबा भरून पुण्याच्या लेकीला पाठवते.

पुन्हा गल्लीकडे येतो, कारण भांडी बाजारात ‘कुठलं?’ या प्रश्नाला दुसरी धार येते. मेथी शेतातून येते. समई कुठून येते? तांबं नाशकात सापडत नाही, जस्तही नाही. तरी ‘नाशिकचं पितळ’ म्हणतात. म्हणजे इथे ‘कुठलं’चा अर्थ ‘कोणाच्या हातचं’. जुनी मंडळी परात घेताना ती उलटी धरून बोटाच्या पेराने वाजवतात, काठ चाचपतात, मग तराजूत टाकायला सांगतात, कारण पितळ नगावर नाही, वजनावर जातं. घरचं जुनं पातेलं मोडीत दिलं तर त्याचंही वजन होतं आणि घट वजा होते. या घटीवर जेवढं बोलणं होतं तेवढं नव्या भांड्यावर होत नाही. आणि शेवटचा विधी नाव घालण्याचा. मशीनच्या सुईने भांड्याच्या काठाला ‘अमुक यांजकडून, सप्रेम भेट’ कोरलं जातं. स्टीलने घंगाळ आणि बंब घरातून घालवले, पण नाव घालण्याची रीत स्टीलवरही गेली. कुठल्याही नाशिककराच्या स्वयंपाकघरातली पातेली उलटून वाचत जा, त्या घराचे तीस वर्षांतले सगळे सोयरे सापडतील. कोण कोणाशी बोलेनासा झाला तेही कळतं. ती भांडी माळ्यावर असतात.

सराफ बाजारात हाच विश्वास पेढीचा असतो. आजीने ज्या दुकानातून वाटी-मंगळसूत्र घेतलं तिथूनच नातसुनेचं घ्यायचं. त्यात भावना असते तशी व्यवहाराची गोष्टही असते: आपला माल मोडायला आणला तर पेढी घट कमी धरते. साडेतीन मुहूर्तांना आणि गुरुपुष्याला इथे उभं राहायला जागा नसते. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो मोबाइलवर टाकला की दागिन्याची शुद्धता आणि नोंदणी दिसते. आता ‘कुठलं?’ दुकानदाराला विचारायची गरज उरली नाही. तरी लोक विचारतात, आणि सराफही न रागावता आजोबांपासून सांगायला लागतो.

या दोन्ही बाजारांवर नदीची सत्ता आहे. रामकुंडाजवळ पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे आणि गावाचा पूर त्याच्या अंगावर मोजला जातो. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. मारुती कमरेपर्यंत बुडाला की घाटावरच्या टपऱ्या हलतात. छातीच्या वर गेला की सराफ आणि भांडी बाजारातले लोक तळघरातला माल वर चढवू लागतात. १९६९ चा पूर वडीलधाऱ्यांनी सांगितलेला, २००८, २०१६ आणि २०१९ चे सगळ्यांनी पाहिलेले. पूर ओसरल्यावर चार दिवस भांडी बाजारात ‘पुराचा माल’ स्वस्तात निघतो का, याची चौकशी करणारेही असतात. गावाच्या स्वभावात हेही धरायला हवं.

पैठणीने मात्र माझ्या या सगळ्या सिद्धान्ताला चांगलीच गाठ मारली. नाशिकच्या घरात लग्न ठरलं की एक फेरी येवल्याची असते. ऐंशीएक किलोमीटर, गाडीत पाच बायका आणि एक पुरुष, पैसे द्यायला. दुकानापेक्षा विणकराच्या घरी जाण्यात भूषण. मागावर अर्धी विणलेली साडी, खाली अंधाऱ्या खड्ड्यात चालणारे पाय, आणि पदराचा एक मोर पुरा व्हायला लागणारा वेळ बघितला की घासाघीस करायला गेलेली बाई गप्प होते. पारख एकच: पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या अस्सल पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच स्वच्छ असते. मागे धागे लोंबकळताना दिसले तर ती यंत्राची, बाजारभाषेत ‘सेमी’. इथवर सगळं ठीक. मग मी विणकराला सवयीप्रमाणे विचारलं, “रेशीम कुठलं?” “बेंगलोरचं.” “आणि जर?” “सुरतेची.” मग येवल्याचं काय? त्याने हात पुढे केला.

तर ‘कुठली?’ हा मूळ गाव शोधणारा प्रश्न असला, तरी उत्तर दर वेळी गावात सापडतंच असं नाही. चिवड्याचंही तेच. बाहेरगावचा पाहुणा ‘नाशिकचा चिवडा’ मागतो. नाशिककर विचारतो, कोंडाजीचा की माधवजीचा? आणि या विषयावर एकाच घरात दोन पक्ष असतात.

भाजीचा भाव कळण्याची एक वेगळी सोय या शहराला आहे. पंचवटीत बाजार समितीत संध्याकाळी पालेभाज्यांचे लिलाव होतात. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात शेकड्याने बोलली जाते आणि रात्री गाड्या कसारा घाट उतरून पहाटेच्या आत मुंबईला पोचतात. मुंबईकर सकाळी जी मेथी ‘फ्रेश’ म्हणून घेतो ती रात्रभर ट्रकमध्ये हलत आलेली असते. नाशिककराला मात्र काल संध्याकाळी शेकडा कितीला गेला हे कळलेलं असतं: रिक्षावाल्याकडून, सकाळच्या पेपरातून, आता गावाकडच्या ग्रुपवरून. आणि मग गंगेवर तो थाटात म्हणतो, “काल लिलावात आठ रुपये जुडी गेली, मावशी, तुम्ही वीस कसे सांगता?” मावशीचं उत्तरही तयार असतं: “मग लिलावातच घ्यायची होती ना भाऊ, शंभर जुड्या.” इथे बहुतेक वेळा भाऊ हरतो. हरून वर कढीपत्त्याची काडी मागून घेतो, आणि ती मिळते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेले, तेव्हा गिरणाऱ्याला वीस किलोचं कॅरेट कितीला गेलं हे शहरात सगळ्यांना पाठ होतं. घ्यायचे मात्र पावशेरच.

जाता जाता एक गंमत. ज्या गावात १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात त्या गावात सुट्टे कायम नसतात. २०१६ च्या नोटबंदीनंतर नाशिकरोडच्या छापखान्यात रविवारीही काम चालू होतं आणि कामगारांच्या बायका शहरातल्या एटीएमपुढे इतरांसारख्याच रांगेत होत्या. त्यानंतर गंगेवरच्या मावश्यांच्या टोपल्यांना काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा पुठ्ठा लटकला. पैसे आल्याची खबर आता डबा ओरडून देतो. पण भवानीचे पैसे अजून रोख लागतात. ते कपाळाला लावायचे असतात.

मग मोठी दुकानं आली. एअरकंडिशन, ढकलगाडी, छापील किमतीवर सूट. या दुकानांत रविवारी संध्याकाळी जी झुंबड असते ती बघून ‘नाशिककर बदलला’ असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. साबण, तेल, बिस्किटं, साखर यांना गाव नसतं, तिथे ‘कुठली?’ विचारण्यात अर्थ नव्हताच, आणि जिथे स्वस्त तिथे घेणं हे शहाणपणच. अडचण येते ती डाळीपाशी. एकदा अशाच एका दुकानात सत्तरीच्या पुढच्या एक आजी तुरीच्या डाळीचं पाकीट उलटसुलट करत होत्या. वजन होतं, किंमत होती, भरल्याची तारीख होती, भरणाऱ्याचा पत्ता होता. त्यांनी शेजारी माल लावणाऱ्या पोराला विचारलं, “कुठली रे ही?” पोराने पाकिटाकडे बघितलं, मग फळीकडे, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “आज्जी, ही इथलीच. वरच्या रॅकमधली.”

गंमत अशी की हाच प्रश्न विचारण्यात युरोपातलं गिऱ्हाईक आता नाशिककराच्या पुढे गेलं आहे. इथून निर्यात होणाऱ्या द्राक्षांसाठी ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेची ग्रेपनेट नावाची व्यवस्था आहे. बागेची नोंदणी होते, प्लॉटला क्रमांक मिळतो, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि पेटीवरच्या क्रमांकावरून ती कुठल्या बांधाआतली हे मागे जात शोधता येतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडून युरोपात माल अडकला होता आणि बागाईतदारांचे हात चांगलेच पोळले होते. तेव्हापासून हिशोब आणखी कडक झाला. रॉटरडॅमला उतरणाऱ्या घडाला जन्मपत्रिका असते. त्याच बागेतले घडातून सुटलेले मणी महामार्गाच्या कडेला पाटीत येतात, अर्ध्याहून कमी किमतीत, आणि ते घ्यायला गाडी बाजूला लावणारा नाशिककर एक मणी तोंडात टाकून, डोळे बारीक करून विचारतो, “कुठली?”

२०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद झाले तेव्हा मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने आणि कितीतरी एकट्यादुकट्या शेतकऱ्यांनी भाजीच्या टोपल्या थेट सोसायट्यांच्या फाटकाशी आणल्या. मोठ्या कंपन्या आल्या आणि काही गेल्याही, पण टेम्पो टिकले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फेब्रुवारीत आदल्या रात्री निरोप येतो. त्यात शेतकरी स्वतःच सगळं लिहितो: गाव, शिवार, थॉमसन की सोनाका, तोडणी आज दुपारची, पाच किलोची पेटी, किंमत. सकाळी आठला टेम्पो लागतो. बायका, आजोबा, ऑफिसच्या घाईतले चार जण पिशव्या घेऊन खाली येतात. निरोप सगळ्यांनी वाचलेला असतो. तरी पहिले आजोबा पेटीतला एक घड उजेडाकडे धरतात, मणी चिमटीत दाबून बघतात आणि विचारतात.

“मोहाडीची, बाबा,” पोरगा सांगतो. “लिहिलं होतं की.”

“ते वाचलं रे. मोहाडीत कोणाची?”